न उकललेले रहस्य आणि रसिकाचा हक्क

गेल्या महिन्यात एका रविवारी रात्री आम्ही घरच्या मंडळींसह ‘पिकनिक ॲट हँगिंग रॉक’ हा ऑस्ट्रेलियन चित्रपट पाहिला. चित्रपट संपला, पडद्यावर नामावळी सरकू लागली, आणि क्षणभर खोलीत कोणीच काही बोलेना. मग आमच्या कन्येने विचारले, “बाबा, पण शेवटी त्या मुलींचं झालं काय?” आम्ही म्हटले, “ते सांगितलेलंच नाही.” आमच्या शेजारी राहणारे एक वृद्ध गृहस्थ त्या दिवशी आमच्याकडे बसावयास आले होते. त्यांचा सारा जन्म हिशेबतपासणीत गेला आहे. ते ताडकन म्हणाले, “मग आम्हांला दोन तास बसवून कशाला ठेवलं? प्रोफेसर, ज्याला उत्तर नाही असं गणित तुम्ही परीक्षेत घालता का?”

हा प्रश्न आम्हांस निरुत्तर करून गेला, हे कबूल केले पाहिजे. त्यांचा राग अरसिकाचा राग नव्हता. रहस्य मांडणारा लेखक वाचकाशी एक अलिखित करार करीत असतो. ‘तू तुझे कुतूहल माझ्या हवाली कर, मी ते व्याजासह परत करीन,’ असा त्या कराराचा आशय असतो. तो मोडला गेला, तर सावकाराने दाद कोठे मागावी? असाच अनुभव खुद्द ह्या चित्रपटाचे दिग्दर्शक पीटर वियर ह्यांनी सांगितला आहे. एका चित्रपट-वितरकाने म्हणे तो पाहून संपताच हातातला कॉफीचा पेला पडद्यावर भिरकावला. उत्तर नसलेल्या कोड्यापायी आपले दोन तास फुकट गेले, अशी त्याची तक्रार होती. आमच्या शेजाऱ्यांच्या हाती त्या वेळी चहाचा पेला होता. तो त्यांनी सभ्यपणे बशीत ठेवला, एवढाच फरक. अशा दोन भिन्न देशांतल्या, भिन्न व्यवसायांतल्या माणसांची एकच तक्रार असेल, तर तीस हसण्यावारी नेणे समीक्षकास शोभत नाही. तिचा विचार करावा, ह्यासाठीच हा लेख.

प्रथम कथानक. जोन लिंडसे ह्या लेखिकेची ह्याच नावाची कादंबरी १९६७ साली प्रसिद्ध झाली. तीवरून क्लिफ ग्रीन ह्यांनी पटकथा लिहिली आणि १९७५ साली वियर ह्यांनी चित्रपट काढला. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात, मेलबर्न शहराच्या वायव्येस, हँगिंग रॉक नावाचा एक ज्वालामुखीजन्य सुळका आहे. साठ लाखांहून अधिक वर्षांपूर्वी वर आलेल्या दाट लाव्ह्याचे थिजून, झिजून उभे राहिलेले ते उंच उंच खडक. १४ फेब्रुवारी १९०० ह्या दिवशी मिसेस ॲपल्यार्ड नावाच्या बाईच्या खाजगी विद्यालयातील मुली शिक्षिकांसह तेथे वनभोजनास जातात. बरोबर बारा वाजता सर्वांची घड्याळे बंद पडतात. मिरांडा, मॅरिअन, अर्मा व ईडिथ ह्या चार मुली ‘जरा वरपर्यंत जाऊन येतो’ म्हणून निघतात. वर जाताना त्या पायांतले बूट आणि मोजे काढतात. एका सपाट खडकावर गुंगी आल्यासारख्या निजतात. उठून, मागे वळून न पाहता, खडकांच्या एका फटीत शिरतात. ईडिथ तेवढी किंकाळी फोडून धावत खाली येते. त्याच सुमारास मिस मॅक्क्रॉ ही गणिताची शिक्षिकाही नाहीशी झालेली असते. पोलीस येतात, माणसे रान तुडवितात, कुत्री माग काढतात. मायकेल नावाचा एक तरुण इंग्रज एकटाच शोधास जातो आणि भ्रमिष्टासारखा होऊन परततो. त्याच्या मुठीत झालरीचा एक तुकडा सापडतो. त्या खुणेवरून आठवड्यानंतर अर्मा जिवंत मिळते, परंतु तीस काहीएक आठवत नाही. बाकीच्या तिघींचा ठाव कधीच लागत नाही. चित्रपट येथे संपत नाही, हे मात्र लक्षात ठेवावयाचे. त्याचा निम्म्याहून अधिक भाग ह्यापुढे आहे.

आता आमच्या शेजाऱ्यांच्या कराराकडे वळू. ह्या कराराचा इतिहास जुना आहे. इंग्रजी वाङ्मयात भयकथेची परंपरा १७६४ साली हॉरेस वॉलपोलच्या ‘कॅसल ऑफ ओट्रान्टो’ने सुरू झाली, असे सामान्यतः मानतात. वॉलपोलची भुते ही खरीखुरी भुते. त्यांचे समर्थन करण्याची त्यास गरज भासली नाही. पुढे तीस वर्षांनी, १७९४ साली, ॲन रॅडक्लिफबाईंची ‘मिस्टरीज ऑफ युडॉल्फो’ निघाली. ह्या बाईंनी नवाच प्रघात पाडला. आधी पडद्याआड काहीतरी भीषण असल्याचा भास उत्पन्न करावयाचा, नायिकेस मूर्च्छा आणावयाची, आणि अखेरीस ते मेणाचे चित्र होते असे सांगून सर्वांस घरी पाठवावयाचे. सुधारलेल्या, बुद्धिवादी वाचकास हे फार मानवले. भीतीचा आस्वादही मिळाला आणि अंधश्रद्धेचा डागही लागला नाही. शेरलॉक होम्सची बास्करव्हिलची कथा, जी १९०२ साली पुस्तकरूपाने आली, ती ह्याच घराण्यातली. पिढीजात शापाचा अक्राळविक्राळ कुत्रा अखेर फॉस्फरस फासलेला हाडामांसाचा कुत्रा निघतो.

आपल्याकडील हिंदी बोलपटांनीही हीच वाट धरली. कमाल अमरोही ह्यांचा ‘महल’ १९४९ सालचा. त्यातली झोपाळ्यावर दिसणारी, गाणे ऐकू येताच नाहीशी होणारी कामिनी ही अखेर त्या वाड्याच्या माळ्याची मुलगी ठरते. राज खोसला ह्यांच्या ‘वो कौन थी’मध्ये (१९६४) पावसात स्मशानाच्या वाटेवर भेटणाऱ्या बाईच्या मागे जुळ्या बहिणी आणि इस्टेटीचे कारस्थान निघते. आम्ही आमच्या वर्गात एक लहानसा प्रयोग अनेक वेळा केला आहे. हे चित्रपट पाहिलेल्या विद्यार्थ्यांस विचारले, की त्यांतले काय आठवते? तर झोपाळा आठवतो, खेमचंद प्रकाश ह्यांची चाल आठवते, पावसातली ती पांढरी साडी आठवते. रहस्याचा उलगडा मात्र दहांतून आठांस धड सांगता येत नाही. ज्या उत्तरासाठी अडीच तास जीव टांगणीस लागला, तेच सर्वांत आधी विसरले जावे, ह्यात काही मर्म असले पाहिजे.

ते मर्म आपल्या जुन्या साहित्यशास्त्राच्या परिभाषेत नेमके सांगता येते. ‘पुढे काय झाले?’ ही ओढ म्हणजे औत्सुक्य. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात औत्सुक्याची गणना तेहेतीस व्यभिचारी भावांत केलेली आहे. म्हणजे येणाऱ्या, जाणाऱ्या, पाहुण्या भावांत. उलट विस्मय हा अद्भुत रसाचा स्थायी भाव आणि भय हा भयानकाचा. रॅडक्लिफ-पद्धतीची कथा अखेरीस काय करते? पाहुण्याचा यथास्थित सत्कार करते आणि त्यासाठी घरच्या माणसास बाहेर काढते. औत्सुक्य तृप्त होते; विस्मय मरतो. फॉस्फरसचा डबा सापडला, की दलदलीवरले धुके हे नुसते धुके राहते. ह्यावरून अशा कथा हलक्या असतात, असे आमचे म्हणणे नाही. होम्सच्या कथा आम्ही आजही आवडीने वाचतो. परंतु त्यांच्यात बुद्धीचा जो आनंद आहे, तो मिळविण्यासाठी एक किंमत मोजावी लागते, एवढे मात्र दिसून येते. ती किंमत मोजण्याचे ज्याने नाकारले, अशा कलावंताची बाजूही ऐकून घेतली पाहिजे.

वियर ह्यांच्या बाजूने पहिला मुद्दा हा, की त्यांनी कोणासही फसविलेले नाही. चित्रपटाच्या अगदी आरंभी पडद्यावर अक्षरे उमटतात आणि त्या दिवशी वनभोजनास गेलेल्या मंडळींपैकी काही जण मागमूस न ठेवता नाहीसे झाले, असे ती स्पष्ट सांगतात. म्हणजे करारातील अट पहिल्याच ओळीत लिहिलेली आहे. ती न वाचता आपण सही केली, तर दोष कोणाचा? एवढेच नव्हे, तर त्या अक्षरांतच एक मौजेची गोम आहे. तेथे त्या दिवशी शनिवार होता असे म्हटले आहे. प्रत्यक्षात १४ फेब्रुवारी १९०० ह्या दिवशी बुधवार होता. कोणीही पंचांग काढून पाहावे. हकीगत खरी की कल्पित हे वाचकाने ठरवावे, अशा अर्थाची सूचना लिंडसेबाईंनी कादंबरीच्या आरंभी केली, आणि तेव्हापासून कित्येक लोक जुनी वर्तमानपत्रे चाळीत बसले. अशी घटना कोणत्याही दप्तरात नाही. आपल्या आत्मवृत्तास ‘टाइम विदाउट क्लॉक्स’ (१९६२) असे नाव देणाऱ्या ह्या लेखिकेच्या कथेत घड्याळे तर बंद पडतातच, पण वारही चुकतो!

दुसरा मुद्दा शैलीचा. भय उत्पन्न करण्याची नेहमीची साधने म्हणजे रात्र, वादळ, करकरणारे दार, ओरडणारे घुबड. ह्यांतले येथे काही नाही. सारे घडते ते भर दुपारी, रणरणत्या उन्हात, पांढरे स्वच्छ पोशाख केलेल्या मुलींच्या घोळक्यात. छायालेखक रसेल बॉइड ह्यांनी भिंगापुढे नववधूच्या अवगुंठनाचे तलम कापड धरून चित्रण केले. त्यामुळे सर्व दृश्यांवर जुन्या छायाचित्राची कोवळी झाक आली आहे. मेजवानीच्या केकवर मुंग्यांची रांग चढते. खडकांच्या कपारींकडे पाहता पाहता त्यांत माणसांची तोंडे दिसू लागतात, आणि नीट पाहावे तो पुन्हा खडकच. जॉर्ज झांफिर ह्या रुमानियन वादकाचा पावा मधूनच वाजू लागतो, आणि त्याखाली जमिनीच्या पोटातून आल्यासारखी एक घरघर ऐकू येते. दुपारचे जेवण झाल्यावर, घरात सर्व निजले असता, एकाएकी जागे होऊन जी एक अकारण हुरहूर लहानपणी आपणा सर्वांस वाटलेली असते, तीच ही. गावाकडची वडील माणसे मुलांस भर दुपारी एकटे रानात जाऊ देत नसत, ती उगाच नव्हे.

परंतु ह्या चित्रपटाचे खरे सामर्थ्य आम्हांस तिसऱ्याच ठिकाणी आढळले. त्यात स्पष्टीकरणांची वाण नाही. प्रत्येकाचे एक आहे, आणि प्रत्येकाचे कोठेतरी अडते. पोलिसांस अत्याचाराचा संशय येतो. पण सापडलेल्या अर्माची तपासणी करून डॉक्टर तो दूर करतात. खड्ड्यात पडल्या म्हणावे, तर कुत्र्यांस माग लागत नाही. वाट चुकल्या म्हणावे, तर अर्माच्या अंगातली कॉर्सेट कोठे गेली? आणि सर्वांत बोलकी गोष्ट मिस मॅक्क्रॉची. त्या खडकाचे वय सांगणारी, लाव्ह्याची उत्पत्ती समजावणारी, भूमितीचे पुस्तक घेऊन वनभोजनास बसणारी ही बाई म्हणजे मूर्तिमंत बुद्धिवाद. सर्व गोष्टींचे कारण देऊ शकणारी तीच एकटी होती, आणि खडकाने गिळली ती तीच! आमच्या शेजाऱ्यांस आम्ही हे दुसऱ्या दिवशी सांगितले. ते थोडा वेळ थांबून म्हणाले, “म्हणजे परीक्षकच पळाला म्हणा की!”

आता चित्रपटाच्या उत्तरार्धाकडे येऊ. आम्ही वर म्हटलेच आहे, की मुली नाहीशा झाल्यानंतरचा भाग मोठा आहे. तेथे प्रश्नाचे रूप पालटते. मुलींचे काय झाले, हे बाजूस राहते आणि मागे राहिलेल्यांचे काय होते, हे आपण पाहू लागतो. विद्यालयाचा बोभाटा होतो, पालक मुलींस काढून नेऊ लागतात, फीचे उत्पन्न आटते. मिसेस ॲपल्यार्ड ही करडी, शिस्तीची बाई आपले अपयश कोणावर काढते? सारा नावाच्या एका अनाथ मुलीवर, जिची फी थकली आहे आणि जिला मिरांडावाचून जगात कोणी नव्हते. तिला परत अनाथालयात धाडण्याची धमकी दिली जाते. अखेर सारा रोपांच्या काचघरात मेलेली सापडते, आणि पुढे मिसेस ॲपल्यार्डचेही शव त्याच हँगिंग रॉकच्या पायथ्याशी मिळते.

ह्या भागातील एक प्रसंग आमच्या मते सर्व चित्रपटाची किल्ली आहे. बरी झालेली अर्मा घरी जाण्यापूर्वी मैत्रिणींचा निरोप घेण्यास विद्यालयात येते. व्यायामशाळेत मुलींचा तास चालू आहे. अर्मा तांबडा झगा घालून दाराशी उभी राहते. प्रथम सर्व स्तब्ध. मग एकीने विचारले, दुसरीने विचारले, आणि बघता बघता त्या सुशिक्षित, सुशील मुलींचा घोळका तिच्यावर तुटून पडतो: सांग, सांग, काय झाले ते सांग! त्या बिचारीस ठाऊकच नाही, तर ती सांगणार काय? आणि हा गदारोळ चालू असता त्याच दालनात, पाठ सरळ करण्याच्या फळीस सारा पट्ट्यांनी बांधलेली आहे. तिच्याकडे कोणाचे लक्षही नाही. हा प्रसंग पाहताना आम्ही चपापलो. तो घोळका म्हणजे आम्ही प्रेक्षकच की! आम्हांसही उत्तर हवे होते, आणि त्या हव्यासापायी समोर बांधून ठेवलेली मुलगी आम्हांसही दिसत नव्हती.

ह्याहून सूक्ष्म अशी आणखी एक योजना ह्या कथेत आहे. मायकेलच्या घरी अल्बर्ट नावाचा एक तरुण गाडीवान आहे. तोही अनाथालयात वाढलेला. आपली एक लहान बहीण तेथे राहिली, असे तो सहज बोलून जातो. इकडे सारा आपल्या दुरावलेल्या भावाची आठवण काढीत असते. दोघे एकाच परिसरात, हाकेच्या अंतरावर म्हणावे असे, राहत आहेत. दोघांसही हे ठाऊक नाही. प्रेक्षकास मात्र सारे कळते. म्हणजे पाहा, ज्या चित्रपटावर उत्तर न दिल्याचा आरोप आहे, त्याने एका कोड्याचे संपूर्ण, निर्विवाद उत्तर आपल्या हाती दिलेले आहे! त्या उत्तराचा उपयोग काय झाला? सारा मेली, अल्बर्टास कळलेही नाही, आणि आपण हातात उत्तर घेऊन नुसते बसून राहिलो. उत्तर माहीत असणे आणि समाधान होणे ह्या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत, हे ह्याहून अधिक स्पष्ट रीतीने क्वचितच दाखविले गेले असेल.

येथे कोणी म्हणेल, की लेखिकेसच उत्तर ठाऊक नसावे. गंमत अशी, की तिने ते लिहिले होते. मूळ कादंबरीस अखेरचे एक प्रकरण होते. ते गाळावे अशी प्रकाशनसंस्थेकडून सूचना आली आणि ती लिंडसेबाईंनी मानली. १९८४ साली त्या वारल्या, आणि १९८७ साली ते प्रकरण स्वतंत्रपणे छापून प्रसिद्ध झाले. त्यात मुली आपल्या कॉर्सेट कड्यावरून फेकतात आणि त्या हवेतच तरंगत राहतात. काळ थबकलेला असतो. खडकात एक छिद्र उघडते, आणि मनुष्यरूप टाकून, लहानशा प्राण्यांचे रूप घेऊन, त्यांत एकेक जण शिरते. अर्माची पाळी येण्यापूर्वी एक धोंडा कोसळून वाट बुजते. झाले! वीस वर्षे लोक जे मागत होते, ते मिळाले. परंतु ते वाचून कोणाचे कोडे सुटल्याचे आमच्या तरी ऐकण्यात नाही. काल जो खडक आभाळाएवढा वाटत होता, तो ह्या स्पष्टीकरणाने एखाद्या परीकथेतील गुहेएवढा झाला. वियर ह्यांनीही पुढे १९९८ साली आपला चित्रपट पुन्हा हाती घेतला, तेव्हा त्यात काही वाढविण्याऐवजी काही मिनिटांचा भाग कमीच केला.

तथापि आम्ही ह्या पद्धतीस सरसकट सनद देऊ इच्छीत नाही. अलीकडे रहस्य मांडावयाचे, प्रत्येक भागाच्या अखेरीस ‘पुढल्या वेळी कळेल’ असा हवाला द्यावयाचा, आणि वर्षानुवर्षे ताणून शेवटी हात झटकावयाचे, अशा मालिकांचे पीक उदंड आले आहे. तेथे आमच्या शेजाऱ्यांचा ‘विश्वासघात’ हा शब्द अक्षरशः लागू पडतो. भेद ओळखण्याची आमची कसोटी साधी आहे. लेखकाने उत्तराचे आश्वासन दिले होते काय? दिले नसेल, तर उत्तराच्या जागी त्याने दुसरे काही मोलाचे दिले काय? आणि जे अज्ञात ठेवले, त्याची हद्द त्याने नीट आखली आहे काय? ‘हँगिंग रॉक’मध्ये एकच फट अंधारी आहे, तिच्या भोवतालचा प्रत्येक माणूस, प्रत्येकाचा स्वार्थ, प्रत्येकाचे दुःख लख्ख उजेडात आहे. आळशी लेखकाच्या कथेत उलट सर्वत्र धुके असते, आणि धुक्यास खोली असल्याचा भास तो विकत असतो.

ह्या चित्रपटातही दोष आहेत. मिरांडा आणि राजहंस ह्यांचे साम्य इतक्या वेळा दाखविले आहे, की सूचनेचे सूचनापण राहत नाही. ध्वनीचा वाच्यार्थ होऊन जातो. मंदगतीच्या दृश्यांचा सोसही मधूनमधून जाणवतो. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. तो खडक मूळ रहिवाशांस हजारो वर्षे पवित्र होता, आणि एकोणिसाव्या शतकात गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्या लोकांस तेथून हुसकावून लावले. तीन गोऱ्या स्त्रिया नाहीशा झाल्या, तर सारा प्रांत हादरला. सबंध जमाती त्या भूमीवरून नाहीशा झाल्या, त्यांचा शोध घेण्यास कोणते पथक निघाले? कथेस हा प्रश्न पडत नाही. ऑस्ट्रेलियातील टीकाकारांनी अलीकडे ही उणीव दाखविली आहे, आणि ती रास्त आहे. एका रहस्याभोवती आपण इतके गुंगून जावे, की शेजारची मोठी नाहीशी झालेली गोष्ट दिसू नये, हा दोष त्या व्यायामशाळेतल्या मुलींचाच आहे. तो चित्रपटकर्त्यासही चुकला नाही.

आता थोडे खाजगी बोलण्याची वाचकांनी परवानगी द्यावी. आमच्या आईची एक मावशी कोकणात असे. तिचे यजमान ऐन तारुण्यात एके दिवशी सकाळी भाकरी बांधून घेऊन तालुक्याच्या गावी कोर्टाच्या कामास म्हणून निघाले, ते परत आले नाहीत. कोर्टात ते पोहोचलेच नव्हते. गावात स्पष्टीकरणांस तोटा नव्हता. कोणी म्हणे बैरागी झाले, कोणी म्हणे खाडीत पडले, कोणी म्हणे मुंबईस दुसरे घर केले. प्रत्येकाचे म्हणणे त्याच्या त्याच्या स्वभावाचे होते. अशा वेळी समाजासही उत्तर लागतेच. १८७२ च्या पुरावा कायद्याने सात वर्षांची मुदत घातली; ज्याची वार्ता ज्यांना कळायची त्यांना तितकी वर्षे कळली नाही, तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा बोजा तसे म्हणणाऱ्यावर. त्या कायद्याच्या जागी आलेल्या २०२३ च्या अधिनियमातही ती मुदत कायम आहे. धर्मशास्त्राने बारा वर्षे थांबण्यास सांगितले आणि नंतर पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिचे दहन करण्याचा विधी दिला. मावशीच्या बाबतीत बारा वर्षांनी तो झाला. तिने हूं की चूं केले नाही. कुंकू पुसले, सुतक पाळले. परंतु संध्याकाळी पडवीत एक कंदील लावून ठेवण्याचा तिचा परिपाठ मोडला नाही. पुढे वीज आली, तेव्हा कंदिलाच्या जागी दिवा आला, एवढेच.

आम्ही शाळकरी वयात, मुलांच्या निर्दयपणाने, तीस एकदा विचारले होते, “आजी, ते कुठं गेले गं?” ती तांदूळ निवडीत होती. मान वर न करता म्हणाली, “ठाऊक नाही रे बाळा. एवढंच ठाऊक आहे.” त्या वेळी आम्हांस ते उत्तर टाळल्यासारखे वाटले. पुढे महाविद्यालयात कीट्स कवीची पत्रे शिकविण्याची पाळी आली. १८१७ सालच्या एका पत्रात तो एका दुर्मीळ शक्तीचा उल्लेख करतो: संशयात, अनिश्चिततेत, गूढात राहूनही कारणे शोधण्याची तडफड न करण्याची शक्ती. शेक्सपिअराच्या ठायी ती पूर्णत्वाने होती, असे त्याचे मत. ते वाक्य वर्गात समजावून सांगताना दर वर्षी आमच्या डोळ्यांपुढे शेक्सपिअर न येता पडवीतला तो कंदील येतो.

आमच्या शेजाऱ्यांच्या गणितास आमचे उत्तर एवढेच, की आयुष्याच्या प्रश्नपत्रिकेत असे गणित घातलेले असते, आणि ते सोडून पुढच्या प्रश्नाकडे जाता येत नाही. ज्या कलेस ह्याचे भान आहे, तिने कधीकधी उत्तर देण्याचे नाकारावे, हा तिचा धर्म आहे. प्रेक्षकाचा हक्क त्याने बुडत नाही. त्याचा हक्क उत्तरावर नसतो. आपला वेळ खऱ्या गोष्टीसाठी घेतला गेला, ह्या खात्रीवर असतो. ती खात्री ह्या चित्रपटाने आम्हांस पुरेपूर दिली.

चारपाच दिवसांनी जेवताना आमची कन्या एकाएकी म्हणाली, “बाबा, त्या अल्बर्टला कुणीतरी सांगायला हवं होतं हो, सारा त्याचीच बहीण म्हणून.” मिरांडाचे काय झाले, हे तिने पुन्हा विचारले नाही.